किडनीच्या फाईलीत कामाचा रकाना हवा

कोकणात कुणाच्या किडन्या निकामी झाल्याचं कळलं, की महिन्याभरात गावाने त्याचं कारण ठरवलेलं असतं. "तेंच्या घराण्यातच आसा," असं एक जण म्हणतो. दुसरा समाजाचं नाव घेतो: त्यांच्यात हे दुखणं असतंच, रक्तच तसं आहे त्यांचं. खारं खातात, सुकी मासळी खातात, दारू पितात, अशी जोड मागाहून दिली जाते. हे बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. डायलिसिसला जाणारे तिघे एकाच वाडीतले, एकाच आडनावाचे असले तर दुसरं काय दिसणार? पण कोकणातली वाडी बहुधा एका आडनावाची, एका जातीची आणि एका धंद्याचीही असते. तिथली विहीर एक, मळे एक, पावसाळ्यातला चिखल एक. या सगळ्यातून आपण फक्त आडनाव उचलतो आणि शोध तिथेच थांबवतो. हे थांबणं मला फार घातक वाटतं.

वेगवेगळ्या मानवसमूहांत किडनीचे आजार कमीजास्त प्रमाणात होतात, यात शंका नाही. आयजीए नेफ्रोपॅथी नावाचा आजार जपान-चीनमध्ये भरपूर आढळतो, आफ्रिकी वंशाच्या लोकांत क्वचित. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी लोकांत मधुमेहामुळे किडनी जाण्याचं प्रमाण तिथल्या गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त आहे. ऑस्ट्रेलियातल्या दूरच्या वस्त्यांमध्ये राहणाऱ्या आदिवासींत ते इतर ऑस्ट्रेलियनांच्या कितीतरी पट आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय लोक लोकसंख्येच्या साधारण १३ टक्के, पण डायलिसिसवरच्या रुग्णांत जवळपास एक तृतीयांश. फरक खरे आहेत. त्यांचा अर्थ लावताना मात्र मोठमोठ्या तज्ज्ञांचीही वाट चुकली, आणि ती कशी चुकली हे कोकणातल्या माणसाने नीट समजून घ्यावं असं मला वाटतं.

किडनी किती काम करते हे थेट मोजणं कटकटीचं असतं, म्हणून रक्तातल्या क्रिएटिनिनवरून, म्हणजे किडनीने गाळून टाकायच्या एका टाकाऊ द्रव्यावरून, सूत्राने त्याचा अंदाज काढतात. धडधाकट तरुणाचा आकडा शंभराच्या आसपास येतो. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर जुनाट आजार धरतात. २० पर्यंत उतरला की अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत रुग्णाचे दिवस मोजले जाऊ लागतात. १९९९ साली तिथे जे सूत्र आलं त्याच्या प्रचलित रूपात एक कलम होतं: रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.२१ ने गुणा. २००९ च्या सुधारित सूत्रात हा गुणक १.१६ झाला. ज्यांच्यावर अभ्यास झाला त्या कृष्णवर्णीयांत, किडनीचं काम तेवढंच असताना क्रिएटिनिन थोडं जास्त आढळलं होतं, आणि त्यांचे स्नायूच जास्त असतात असं त्याचं स्पष्टीकरण दिलं गेलं. आता दोन रुग्ण घ्या, वय सारखं, रक्तातला आकडा सारखा. गोऱ्याचं उत्तर १८ आलं, त्याचे दिवस सुरू झाले. काळ्याच्या १८ ला १.१६ ने गुणलं, जवळजवळ २१ झाले, तो बाहेर राहिला. ज्या समाजात किडनीचा आजार फार जास्त, त्याच समाजाची किडनी कागदावर सुदृढ दाखवणारं हे गणित वीस वर्षांहून अधिक काळ प्रयोगशाळांमधून चाललं. २०२१ मध्ये हा गुणक काढून नवं सूत्र स्वीकारलं गेलं. २०२३ पासून, जुन्या हिशेबामुळे मागे पडलेल्यांना त्यांचे प्रतीक्षेचे दिवस परत जोडून द्यायला सुरुवात झाली. असे १४ हजारांहून जास्त लोक निघाले. त्याआधी जे वारले, त्यांना परत देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग वंशात, रक्तात काहीच नसतं का? असतं, आणि ते मान्य केलंच पाहिजे. २०१० साली एपीओएल-वन या जनुकाचे दोन बदललेले प्रकार सापडले. आफ्रिकेत त्सेत्से माशीमुळे जो निद्रारोग होतो, त्यापासून हे बदल माणसाचं रक्षण करतात, म्हणून पश्चिम आफ्रिकेत ते टिकले आणि पसरले. पण आई आणि बाप दोघांकडूनही असा बदललेला प्रकार आला तर किडनीचा धोका बराच वाढतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत असा दुहेरी वारसा असलेले साधारण १३ टक्के आहेत. उरलेल्या ८७ टक्क्यांना हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. इथिओपियात तर हे प्रकार जवळपास नाहीतच. आपल्या इतिहासातला मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. त्याच्यासारखा माणूस आज अमेरिकेतल्या दवाखान्यात गेला तर अर्जावर कृष्णवर्णीय अशीच खूण होईल, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या जनुकाचा धोका त्याच्या माथी मारला जाईल. जनुक तपासून कळतं, कातडीच्या रंगावरून कळत नाही. आपल्याकडेही किडनीत पाण्याच्या गाठी होणारा पॉलिसिस्टिक आजार घराण्यातून उतरतो. आईबापांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. अशा घरातल्या सगळ्या भावंडांनी सोनोग्राफी करून घ्यावी. पण हे त्या एका घराचं झालं. त्यावरून सबंध जातीबद्दल काही सांगता येत नाही.

घराण्यात दिसणारा रोग रक्तातलाच असतो असंही नाही. याचं मला माहीत असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण युरोपातलं आहे. डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठी बल्गेरिया, सर्बिया, बोस्निया, क्रोएशिया, रुमानिया या देशांत काही ठरावीक गावं आहेत. तिथे शेतकरी कुटुंबांमध्ये किडन्या हळूहळू आकसून जायच्या. १९५० च्या दशकात डॉक्टरांनी त्याची नोंद केली. बाप गेला, मुलगा गेला, सून गेली. शेजारचं घर मात्र ठणठणीत. आनुवंशिक दोष शोधण्यात बरीच वर्षं गेली. तरी एक गोष्ट त्यात बसत नव्हती. बाहेरून येऊन त्या गावांत स्थायिक झालेली माणसंही पंधरा-वीस वर्षांनी त्याच दुखण्याने आजारी पडत, आणि लहानपणीच गाव सोडून गेलेले वाचत. दरम्यान १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांच्या किडन्या झपाट्याने निकामी झाल्या. त्या गोळ्यांत ॲरिस्टोलोकिया नावाच्या वनस्पतीचा अंश होता. मग डॅन्यूबकाठच्या गव्हाकडे लक्ष गेलं. त्याच वनस्पतीची एक जात तिथल्या शेतांत तण म्हणून उगवत होती, तिचं बी गव्हाबरोबर दळलं जात होतं, आणि घरोघरच्या पावात जात होतं. पिढ्यान्‌पिढ्या जे रक्तात शोधलं ते पिठात निघालं.

याच जातकुळीतली एक वेल, ईश्वरी किंवा सापसण, आपल्याकडेही उगवते, आणि तिची मुळी सापविंचवावर देण्याची जुनी चाल आहे. तिच्यातही तेच विषारी आम्ल असतं. किडनीच्या रुग्णाला कुणी झाडपाल्याची मुळी दिली होती का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. तो विचारताना रागावू नये, इतकंच. रागावलं की माणसं खरं सांगत नाहीत.

रक्तात आहे असं एकदा मानलं की हात टेकले जातात. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांबद्दल, विशेषतः ॲरिझोनाच्या पिमा लोकांबद्दल, कितीतरी काळ असंच बोललं गेलं: मधुमेह यांच्या जनुकांतच आहे, त्यामागून किडनी जाणारच. पुढे त्यांच्या आरोग्यसेवेने गावपातळीवर साखर, रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं नेमाने तपासायला घेतली, किडनी जपणारी रक्तदाबाची औषधं सर्वांपर्यंत पोचवली, पाठपुराव्याला स्थानिक माणसं नेमली. १९९६ ते २०१३ या काळात तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये मधुमेहामुळे किडनी निकामी होण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी घटलं. सतरा वर्षांत कुणाची जनुकं बदलत नाहीत.

आपल्याकडे वारशाचं आणखी एक रूप आहे, ते रक्तातून येत नाही, पोटातून येतं. प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास गाळण्या असतात. कुणात दोन-अडीच लाख, कुणात वीस लाख. जन्मानंतर त्यात एकही नवी भर पडत नाही. आईच्या पोटात बाळाची वाढ खुंटली तर त्या कमी भरतात, आणि पुढे रक्तदाब, मधुमेह, उन्हातली मेहनत यांचा भार थोड्या गाळण्यांवर पडतो. किडनीतज्ज्ञ ब्रेनर यांनी १९८८ मध्ये हा विचार मांडला, आणि ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या अभ्यासातून त्याला बळ मिळालं. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जो अभ्यास केला, त्यात नवजात बाळाचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो निघालं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलो होतं. चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयानेही कोकणातल्या किशोरवयीन मुलींचा, म्हणजे उद्याच्या आयांचा, दीर्घकाळ चालणारा अभ्यास हाती घेतला आहे. जी मुलगी अर्धपोटी वाढली, जिचं रक्त कमी, जिला सातव्या महिन्यातही लावणीला वाकावं लागलं, तिच्या बाळाच्या किडनीत काय भरलं असेल? ज्या समाजात हे दोन-तीन पिढ्या चालतं, त्या समाजात किडनीचा आजार आनुवंशिकच दिसेल. तो वारसा उपासमारीचा असतो.

आता कोकणातली कामं बघू. मार्च ते मे हापूसची काढणी. झेला घेऊन झाडावर चढणारा माणूस भर उन्हात असतो. बागेची राखण करणारा नेपाळी गडी तिथेच झापात राहतो. जांभ्याच्या चिरेखाणीत तर सावली नावाला नसते. तांबडी धूळ, वरून ऊन, खालून तापलेला कातळ. तिथे विजापूरकडून आलेली कुटुंबं राबतात. बोटीवरचे खलाशी इंजिनाच्या उष्म्यात आणि समुद्राच्या झळांत दिवस काढतात, आणि प्यायचं पाणी मोजकंच नेलेलं असतं. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. संध्याकाळी या सगळ्यांचं अंग दुखतं. मग मेडिकलमधून पेनकिलरची पट्टी येते. शरीरातलं पाणी आटलेलं असताना डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेतली तर किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. हे रोज, वर्षानुवर्षं.

मग पाऊस येतो. तरवा काढायचा, चिखलणी करायची, लावणी करायची. पायाला भेगा आणि जखमा, पाणी उंदरा-गुरांच्या मुताने दूषित. त्यातून होणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आता पावसाळ्याचाच भाग झाला आहे. तो होऊ नये म्हणून आरोग्य खातं डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतं. लेप्टोने मेलेल्यांची बातमी होते. लेप्टोतून वाचलेल्यांच्या किडनीचं पुढे काय झालं, ते कोण विचारतं? तैवानमधल्या अभ्यासात लेप्टोचा संसर्ग होऊन गेलेल्यांत जुनाट किडनीविकाराचा संबंध दिसला आहे. पाऊस सरत आला की गवतकापणी, आणि गवतात घोणस, कातळावर फुरसं. घोणस चावल्यावर किडनी बंद पडणं कोकणातल्या डॉक्टरला नवं नाही. काही जणांची पूर्ववत होते, काहींची अर्धीच परत येते.

आता हीच माणसं जातीच्या रकान्यात घालून मोजा. चिखलात कुणबी जास्त. बोटींवर गाबीत, खारवी, कोळी, दालदी. भट्टीवर कातकरी. खाणीत परजिल्ह्यातले मजूर. जातवार तक्ता केला तर फरक नक्की दिसेल, आणि तो पाहून कुणीतरी म्हणेल, बघा, यांच्यात आहेच. आपल्याकडे जात आणि काम पिढ्यान्‌पिढ्या एका दाव्याला बांधलेली आहेत, म्हणून कामाचा रोग जातीचा भासतो. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोरच्या ऊसतोड कामगारांत मधुमेह नसलेल्या तरुणांच्या किडन्या गेल्या, तेव्हा लक्ष उन्हातल्या मेहनतीकडे वळलं, आणि पाणी, विश्रांती, सावली यांची व्यवस्था करण्याचे प्रयत्न सुरू झाले. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात भातशेती करणाऱ्यांत हेच. आंध्रातला उद्दानम हा पट्टा तर कोकणच्या माणसाला घरचा वाटावा असा आहे: किनारा, नारळ, काजू, फणस. तिथल्या किडनीविकाराच्या साथीचं कारण अजून पक्कं ठरलेलं नाही, पण तिथे किडनी संशोधन केंद्र उभं राहिलं, नळाचं पाणी आणण्याची योजना झाली, कारण कुणीतरी गावागावांतले रुग्ण मोजले.

माझ्या नात्यातल्या एका खलाशाची डायलिसिसची फाईल मी पाहिली आहे. वय, पत्ता, रक्तगट, कारण: उच्च रक्तदाब. आता रक्तदाबाने किडनी जाते हे खरं, आणि किडनी गेल्यावर रक्तदाब वाढतो हेही खरं. माणूस उशिरा पोचला की दोन्ही हजर असतात आणि कारण म्हणून रक्तदाब लिहून डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळतात. त्याने पंचवीस वर्षं बोटीवर काढली, दर मोसमात लघवी जळजळायची, मुतखडा दोनदा पडला, पेनकिलर रोजची, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. फाईलीत त्यातली एक ओळही नव्हती. मला त्या डॉक्टरांचा राग नाही. रकानाच नव्हता तर ते लिहिणार कुठे?

आणि सूत्राचा प्रश्न आपल्यालाही आहे, उलट कारणाने. क्रिएटिनिन स्नायूंतून आणि मांसाहारातून येतं. आपली माणसं काटकुळी, मांस खाणं बेताचं, म्हणून रक्तात क्रिएटिनिन मुळातच कमी. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं आहे की प्रचलित सूत्रं भारतीयांच्या किडनीचं काम आहे त्याहून जास्त दाखवतात. जपानने २००९ मध्येच आपलं वेगळं सूत्र केलं. क्रिएटिनिन १.१ असलेला २५ वर्षांचा तरुण घ्या, आजच्या सूत्राने त्याचं उत्तर ९५ च्या आसपास येतं. तेच १.१ साठ वर्षांच्या बाईचं असेल तर उत्तर येतं ५८. ती चाळीस किलोची, आयुष्यभर एक वेळ जेवलेली असेल तर खरा आकडा त्याहूनही खाली. आणि आपल्या कित्येक रिपोर्टांवर नुसतं १.१ छापलेलं असतं, शेजारी नॉर्मलची मर्यादा, आणि बाई समाधानाने घरी जाते. वंशाचा गुणक लावून हे सुटणार नाही. रिपोर्टवर वयानुसार काढलेला आकडा छापणं, लघवीतली प्रथिनं सोबत तपासणं आणि अंगात मांस नसलेल्या माणसाकडे जास्त सावधपणे बघणं, एवढं आज करता येतं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. जात विचारूच नये म्हटलं तर अन्याय झाकला जाईल. अमेरिकेतला भेदभाव उघड झाला तोच मुळी वंशाची नोंद होती म्हणून. मला हे पटतं. कोण पोचलं आणि कोण नाही पोचलं, हे कळायला समाजाची नोंद हवीच. जिल्ह्यात कातकऱ्यांची वस्ती आहे आणि डायलिसिसच्या यादीत एकही कातकरी नाही, असं दिसलं तर त्यांच्या किडन्या वज्राच्या आहेत असा अर्थ होत नाही. ते मशीनपर्यंत पोचण्याआधीच मेले असाही होऊ शकतो. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, मशीनवर पडायचं असतं. डायलिसिस सरकारी योजनेतून फुकट झालं तरी खाडीपलीकडच्या गावातून येण्याजाण्याचं भाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी कोण देतं? सिंधुदुर्गातल्या किती कुटुंबांनी यासाठी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाच्या वाऱ्या केल्या आहेत. म्हणून माझं म्हणणं असं: जातीची नोंद सेवेचा हिशेब तपासायला ठेवा, रोगाचं कारण म्हणून लिहू नका, आणि तपासणीच्या सूत्रात तर तिला जागाच देऊ नका.

कोकणात बसून हे काम होणार नाही, असं कुणी म्हणू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण एकेक करून नोंदवले, त्यातून प्राझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला आणि जगाने तो घेतला. आज अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांनी आपापल्या जिल्ह्यातल्या डायलिसिस केंद्रांसाठी रुग्णनोंदीचा एकच अर्ज तयार करावा. गेल्या वीस वर्षांत काय काम केलं, दिवसात किती तास उन्हात. पाणी विहिरीचं, झऱ्याचं की बोअरचं. लेप्टो होऊन गेला का, साप चावला होता का. पेनकिलर किती, झाडपाला कुठला. घरात कुणाला आहे, आणि असल्यास ते एकत्र राहत होते का. प्रत्येक रुग्णामागे दहा मिनिटं लागतील, आणि हे रुग्ण तर चार-चार तास तिथेच पडून असतात.

जे केंद्रापर्यंत येत नाहीत त्यांच्याकडे जावं लागेल. वीटभट्टीवर आणि चिरेखाणीत मार्चमध्ये, भर उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा, आणि मेअखेर परत एकदा, तीच माणसं, लघवीची पट्टी आणि क्रिएटिनिन. बंदरावर बोटी शाकारल्या की खलाशांची. लेप्टोतून उठलेल्या प्रत्येकाची तीन महिन्यांनी आणि वर्षाने. आशाताई घरोघर जातातच. त्यांच्यावर आणखी एक फुकटचं काम लादू नये, त्याचे वेगळे पैसे द्यावेत. आकडे तालुकावार आणि कामवार, नावं गाळून, जाहीर लावावेत. पहिली यादी पुढच्या मृगाआधी लागली तर निदान डॉक्सिसायक्लिन कुठल्या मळ्यांत आधी पोचवायचं आणि पाण्याची टाकी कुठल्या खाणीवर आधी ठेवायची, हे त्याच मोसमात ठरवता येईल.